एबीएसचा पिवळा दिवा

पावसाळा लागल्यापासून बाबांच्या जुन्या गाडीत एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिवा पेटलेलाच. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच 'मॉड्यूल गेलं' (म्हणजे एबीएस चालवणारा कंट्रोल युनिटच) म्हणून जाहीर केलं! आज दुसऱ्या मेकॅनिककाकांनी आधी गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड आला मागच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा. चाक काढलं तर सेन्सरच्या टोकाला (चुंबकच तो) लोखंडी कीस आणि चिखल. पुसून रोध मोजायला मीटर लावला. बाकीचे सेन्सर हजार ओहमच्या आसपास, याचा आकडा मात्र वायर हलवली की गायब. कनेक्टरपाशी वायर आतून तुटलेली. सेन्सर बदलला, दिवा गेला.

नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, पण करकचून दाबले की चाकं लॉक होऊ शकतात. सोबत ब्रेकचा लाल दिवाही पेटला तर गाडी पुढे नेऊच नका.

मॉड्यूलचे पैसे वाचले म्हणून बाबा आता टायर बघतायत.