काळी चार

आमचे भजनी बुवा गेली पस्तीस वर्षं काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून गातात. निदान वाडीतल्या लोकांची तशी श्रद्धा आहे, आणि बुवांचीही असावी असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

खरी गोष्ट अशी, की काळी चार आम्ही सोडली त्याला आठ-नऊ वर्षं झाली. मधे पांढरी पाच झाली, मग काळी तीन, आणि गेल्या चतुर्थीपासून पांढरी चार. तीन पट्ट्या खाली. हे ठाऊक फक्त दोघांना : पेटीवर बसणारा मी आणि शेजारचा मृदंगवाला. मृदंगवाल्याला सांगावंच लागतं, कारण पेटी उतरली आणि मृदंग चढलेलाच राहिला तर देवळातल्या घंटेलासुद्धा कळेल.

एरवी कोकणातल्या भजनात बुवा स्वतःच पेटी वाजवत गातो. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा सामना, ऐकायला गेलात तर दोन्ही बुवा आपापली पेटी पुढ्यात घेऊन बसलेले दिसतील. आमच्या बुवांची उजव्या हाताची दोन बोटं तरुणपणी झावळं तोडताना कोयत्याखाली आली, म्हणून मंडळाला पेटीवाला लागला. पोस्टात दिवसभर शिक्के मारणारा मी त्या जागेवर बसलो तो बसलोच. हे सांगायचं कारण, गाणाऱ्याचं वय पहिल्यांदा कुणाला कळत असेल तर ते पेटीवाल्याला. बायकोलाही नाही, डॉक्टरलाही नाही.

मला ते एका चतुर्थीच्या रात्री कळलं. चौथं की पाचवं घर असेल. नामाचा गजर चढत गेला, बुवांनी वरच्या सा ला हात घातला आणि तो सा लागला खरा, पण टोकाला किंचित हलला. समईची वात वाऱ्याने हलते तेवढाच. लोकांना काही कळलं नाही, उलट कुणीतरी 'वाह बुवा' म्हणालं. बुवांनी मात्र माझ्याकडे बघितलं. जणू पेटीचाच सूर हलला होता.

पुढल्या सोमवारी मी गुपचूप पांढरी पाच धरली. पहिल्या ओळीलाच बुवा थांबले. "खंयची पट्टी ही? माका म्हातारो समाजलंस?" झालं, पुन्हा काळी चार. त्या रात्री गजर आटोपता घेतला.

मग मी पोस्टातून निवृत्त होताना मिळालेल्या पैशांतून स्केल चेंजर पेटी घेतली. बायको म्हणाली, फ्रीज घ्या. स्केल चेंजरची गंमत अशी, की पट्ट्यांची अख्खी चौकट उचलून डावीकडे-उजवीकडे एकेका सुराने सरकवता येते. बोट ज्या पट्टीवर होतं त्याच पट्टीवर राहतं, खालची सूरपत्ती मात्र बदलते. म्हणजे बुवांनी वाकून बघितलं तरी माझं बोट काळी चारवरच, आणि आवाज पांढरी पाचचा. बुवांना डोळ्यांनी दिसते ती काळी चार, गळ्याला सोसते ती पांढरी पाच. एवढ्या प्रेमाने मी आयुष्यात कुणाला फसवलेलं नाही.

तेव्हापासून बुवांची एक सवय. रूपाचा अभंग सुरू करण्याआधी माझ्याकडे झुकून विचारायचं, "काळी चार मां?" आणि मी म्हणायचं, "काळी चारच."

गळ्याचं म्हातारपण म्हणजे नेमकं काय होतं हे मी कानाच्या डॉक्टरांना विचारलं होतं, ते घशाचेही डॉक्टर असतात म्हणून. ते म्हणाले, स्वरतंतूंचं मांस झिजतं, ते पूर्वीसारखे घट्ट मिटत नाहीत, भोवतालची कूर्चा कडक होते, आणि छातीचा भाता आखडतो. भाता हा शब्द त्यांचा नाही, माझा. पेटीवाल्याला दुसरं काय सुचणार? भाता जुना झाला की हवा कुठूनतरी निसटत राहते आणि लांब सूर मधेच बसतो, हे मी चार पेट्यांच्या बाबतीत बघितलेलं आहे. पेटीला चामड्याचा तुकडा डकवता येतो, एवढाच काय तो फरक.

पण बुवा खमके. आवाजाची उंची गेली तशी त्यांनी दुसरीकडून भरपाई केली. गजराआधीची अभंगाची शेवटची ओळ ते हल्ली मुद्दाम रेंगाळत म्हणतात. इतकी, की झांजवाला पेंगायला लागतो. आणि मग गजर सुरू होतो तो नेहमीच्याच लयीत, किंबहुना पूर्वीपेक्षा थोडा सावकाशच, पण ऐकणाऱ्याला वाटतं की वादळ सुटलं. आर्थर रुबिनस्टाइन नावाचा एक मोठा पियानोवादक होऊन गेला, १८८७ सालचा जन्म. त्याने १९७६ मध्ये शेवटची मैफल केली तेव्हा तो ८९ वर्षांचा होता. म्हातारपणी कसं जमवता असं विचारल्यावर त्याने सांगितलेल्या युक्त्यांपैकी एक हीच होती : जलद भागाच्या आधीचा भाग हळू वाजवायचा. बाकीच्या दोन म्हणजे, रचना कमी निवडायच्या आणि त्यांचाच रियाज जास्त करायचा. मी हे बुवांना सांगितलं. बुवा म्हणाले, "तेका कोणी सांगल्यान?"

गळा आणि बोटं यांचंच लोक बोलतात. खरा त्रास गुडघ्यांचा आणि लघवीचा. चतुर्थीला एका रात्रीत सात-आठ घरं होतात. प्रत्येक घरी उसळ-पाव आणि चहा, आणि चहाला नाही म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. तिशीत हा सगळा चहा कुठे जायचा देव जाणे. आता तो अर्ध्या तासात हजेरी लावतो. गौळण आणि गजर यांच्या मधे बुवा हल्ली जे छोटंसं निरूपण करतात, त्याचं लोकांना भारी कौतुक. त्या निरूपणाच्या वेळात मंडळातले किती लोक परड्यात जाऊन येतात हे त्यांनी मोजलेलं नाही.

मांडी तर गेलीच. दोन वर्षांपूर्वी मला खुर्ची आणि पेटीला टेबल आलं. सोय झाली, पण खुर्चीवरून भजन वेगळं दिसतं. खाली बसलं की मृदंगाचा घुमारा सतरंजीतून मांडीत येतो, शेजारच्याचा खांदा आपल्या खांद्याला लागतो. खुर्चीवर तुम्ही भजनात नसता, भजनाला आलेले असता.

हे झालं आम्हा हौशी लोकांचं. आम्हाला पोस्टाची पेन्शन होती, सूर हलला तरी चूल हलत नव्हती. आमच्या शेजारच्या वाडीत एक पेटीमास्तर आहेत, ते दशावतारात होते. त्यांच्याकडे बघितलं की मला माझ्या तक्रारींची लाज वाटते.

दशावतारातली पेटी म्हणजे पायपेटी. भाता पायाने मारायचा, दोन्ही हात मोकळे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की वैशाख सरेपर्यंत आज या गावात, उद्या त्या. नाटक रात्री उशिरा उभं राहतं ते पहाटे दहीकाल्याला संपतं. संहिता नाही. राजा काय बोलेल, नारद कुठलं पद काढेल, संकासुर कुणाची फिरकी घेईल, काही लिहिलेलं नसतं. पेटीवाल्याने नटाच्या श्वासावरून ओळखायचं की आता पद येणार, आणि कुठल्या सुरात येणार. पूर्वी तर 'रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा'. रात्रीचा राजा सकाळी पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट चालायचा. मास्तरांच्या उमेदीत टेंपो आले होते, पण पायपेटी टेंपोवर चढवायची आणि उतरवायची ती पेटीवाल्यानेच. ते म्हणतात, "बोटां माझी अजून चलतत. कंबर तेवढी टेंपोवर ऱ्हवली."

पौषातल्या दवात पहाटे तीन वाजता बोटं लाकूड होतात. ते चहाचा पेला पिण्यासाठी नव्हे, धरण्यासाठी मागवायचे. साठीनंतर उजवा गुडघा भाता मारेना, म्हणून डाव्यावर आले. मग डावाही रुसला. नाइट वाजवली तर नाइटचे पैसे, न वाजवली तर काही नाही. एका वर्षी ते कार्तिकात घरीच राहिले. पहिले काही दिवस रात्रभर जागेच असायचे, आणि सकाळी दहापर्यंत झोपायचे. चाळीस वर्षांची झोप उलटी फिरलेली, ती सुलटी व्हायला शिमगा उजाडला.

त्यांच्या मानधनाचा कागद मीच लिहिला, पोस्टातल्या माणसाचं अक्षर चांगलं असतं या गैरसमजापोटी. सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची. पन्नाशी उलटलेल्या गरजू कलावंताला महिन्याला पैसे मिळतात, २०२४ पासून पाच हजार. वयाचा दाखला होता, उत्पन्नाचा मिळाला. अडलं ते कलेच्या पुराव्यावर. चाळीस वर्षं, दर वर्षी शे-सव्वाशे रात्री हा माणूस वाजवत होता, आणि पुरावा नाही! जत्रेच्या फलकावर कंपनीचं नाव असतं, फार तर राजाचं आणि राक्षसाचं. पेटीवाल्याचं नाव कोण लिहितो? कंपनीचे मालक वारलेले. शेवटी मास्तरांच्या ट्रंकेत वर्तमानपत्राचं एक पिवळं कात्रण सापडलं. फोटो संकासुराचा, अगदी झकास. त्याच्या मागे पायपेटीचा एक पाय आणि कुणाचं तरी कोपर.

"ह्या माझा," मास्तर म्हणाले. दोन देवस्थानांची पत्रं जोडली, कोपराभोवती लाल शाईने गोल केला. मानधन मिळालं. ते पत्रांमुळे की कोपरामुळे, सांगता येत नाही.

आमच्या भागातल्या एका सनईवाल्याची गोष्ट याहून सोपी आणि याहून वाईट. त्याचे पुढचे दात गेले. सनईची पत्ती ओठांत धरायची, ओठांना मागून दातांचा आधार लागतो. कवळी बसवली, तर फुंक मारली की कवळी पुढे. एका लग्नात ती नवरीच्या मामाच्या पायाशी पडली म्हणतात. मी तिथे नव्हतो. आता तो मुलाबरोबर ढोल वाजवायला जातो.

माझ्या बाबतीत कान आधी गेले. उजवा जास्त. डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला : रेघ सपाट चालत येते आणि टोकाला घळीत उतरते. तरुण कानाला २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं म्हणतात, आणि वय झालं की वरचा भाग आधी जातो. माझा थोडा आधीच गेला होता. "उजव्या बाजूला काय असतं तुमच्या?" त्यांनी विचारलं. झांज. तीस वर्षं झांज. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास बसू नये असा नियम आहे म्हणे, आणि आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मी करायची. आमचा झांजवाला सप्ताहात काय करतो ते मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

कानात यंत्र बसवलं. बायकोचं बोलणं ऐकू यायला लागलं, हा एक भाग. पण पेटीवर लांब सा धरला की तो सा यंत्रात थरथरायचा, गटांगळ्या खायचा. मला वाटलं पेटी बिघडली. मग कळलं की या यंत्रांना शिटी ओळखून दाबायचं शिकवलेलं असतं, आणि एकाच उंचीवर टिकून राहिलेला सूर त्यांना शिटीच वाटतो. बोलण्यात कुणी एवढा वेळ एका सुरावर थांबत नाही ना! यंत्रात संगीतासाठी वेगळी व्यवस्था करून घेतली तेव्हा सा सरळ झाला. झांज मात्र परत आली, आणि ती इतकी कर्कश असते हे मला पासष्टाव्या वर्षी समजलं.

आणि या सगळ्यात आमची बायको! तिने अठ्ठावन्नाव्या वर्षी बायकांच्या भजन मंडळात नाव घातलं. मुलं मार्गी लागली, सासूबाई गेल्या, गुरं विकली, तेव्हा कुठे तिची संध्याकाळ तिची झाली. मला कळेना की हिचा आवाज एवढा चांगला आहे हे मला चाळीस वर्षांत कसं माहीत नाही. मी उतरत्या पट्टीचा हिशेब मांडतोय आणि ती घरात तालावर भांडी घासते. तिला माझी पेटी चालत नाही. "तुमची लय ढिली," म्हणते.

मी ते हसण्यावारी नेलं होतं.

या श्रावणात बुवांकडे भाताच्या मळणीयंत्राचं काही विचारायला म्हणून दुपारी अवचित गेलो. ते मागच्या पडवीत एकटेच गात बसलेले, पाठ माझ्याकडे. खिडकीत मोबाइल उभा करून ठेवलेला, त्यावर तंबोरा चालू. नातवाने घालून दिलेला असणार. मी पुढे होऊन बघितलं, चष्मा नसतानाही दिसलं. पडद्यावर मोठं अक्षर होतं, एफ. म्हणजे पांढरी चार.

मी खाकरलो नाही. तसाच अंगणातून मागे फिरलो आणि संध्याकाळी फोन करून मळणीचं विचारलं.

सोमवारी देवळात बसलो. बुवा नेहमीसारखे झुकले. "काळी चार मां?"

"काळी चारच," मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि अभंग उचलला.

गजर चांगला रंगला त्या दिवशी. बोटं जरा अडखळतील अशी एक जागा त्यात आहे, तीही निभावली. मृदंगावरचा आमचा पोरगा कुडाळला एमआयडीसीत नोकरी करतो, हाताला वीज आहे त्याच्या. भजनात मृदंगवाल्याची नजर बुवांच्या तोंडाकडे हवी. माझं सहज लक्ष गेलं तर हा माझ्या उजव्या हाताकडे बघून वाजवत होता.

प्रसाद वाटताना मी त्याला गाठलं. "काय रे, लय उतरली काय आज?"

"नाय काका," तो म्हणाला, मृदंगावर खोळ चढवता चढवता, वर न बघता. "नेहमीचीच."