मागच्या बाकावर झोपणाऱ्यांबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून

तपासणीला आलेले साहेब विचारतात, दुसऱ्या केंद्रावरचे शिक्षक विचारतात, आता तर माझा मेहुणाही विचारतो: "ही मोठाली माणसं वर्गात पेंगतात, मोबाईल बघतात. तुम्ही यांना धरून कसं ठेवता?" प्रश्न विचारणाऱ्याने मनात आधीच ठरवलेलं असतं की एक तर माझ्याकडे काही युक्ती आहे, नाही तर माणसंच तशी आहेत. मला दोन्ही बोचतं. म्हणून एकदाच सगळं लिहितो.

यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात मोटर रिवाइंडिंग (जळालेल्या मोटरीत तार नव्याने भरणं) आणि पंपदुरुस्तीचा तीन महिन्यांचा वर्ग मी 2016 पासून घेतोय. कृषी केंद्राच्या माडीवर टिनाचा हॉल, 30 माणसं, वय 19 ते 47. अंगठ्याची हजेरी, त्यावर केंद्राला मिळणारे हप्ते, शेवटी प्रमाणपत्र.

सुरुवातीला मीही सगळे सुचवतात तेच करायचो. मोबाईल टोपलीत जमा, मागच्याला पुढे बसवणं, दर 15 मिनिटांनी प्रश्न, मधेच व्हिडिओ. विशीतल्या पोरांवर ते थोडंफार चालतं. पण चाळिशीतल्या माणसाचा मोबाईल टोपलीत गेला की डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडाल्याचा निरोप त्याला कोण देणार? वेचणीच्या बाया उद्या येणार की नाही, हे त्याला कधी कळणार? हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मीही याच भागातला आहे.

2017 चा डिसेंबर. हरभऱ्याला दुसरं पाणी सुरू होतं. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइन, म्हणजे पंपाला लागणारी तीन तारांची वीज, पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. तो आठवडा रात्रीचा होता. मी फळ्यावर एक फेज, म्हणजे तीनपैकी एका तारेची वीज, गेल्यावर मोटर कशी जळते ते काढत होतो. माझा सगळ्यात आवडता धडा. मागच्या बाकावर चाळिशीचा एक माणूस दुपट्ट्याची घडी उशाला घेऊन झोपला होता. मी मोठ्याने म्हणालो, "काका, घरी बाज नाही का?"

वर्ग हसला. हसावा म्हणूनच मी बोललो होतो, हे कबूल करायला हवं.

तो उठला, डोळे पुसले. "सर, रात्री दोनले लाइन आली. सकाळलोक पाणी धरून होतो."

आवाजात राग नव्हता. तिथेच थांबलो असतो तर चाललं असतं. पण 29 जण बघत होते आणि मला माघार घेववेना. "मग वर्गाला कशाला येता? हजेरीला?"

त्याने पेनाला टोपण लावलं. वही पिशवीत घातली, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि निघाला. लोखंडी जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. मी धडा पुरा केला. त्या दिवशी उरलेले सगळे टक्क जागे होते आणि वर्ग धरून ठेवणं ते हेच, असं मला वाटलं.

चार दिवस तो आला नाही. केंद्राकडून निरोप आला, हजेरी घसरतेय, माणूस परत आणा. पश्चात्ताप झाला म्हणून गेलो असं लिहायला आवडलं असतं, पण मी हजेरीसाठी गेलो.

तो वावरात विहिरीपाशी होता. बाभळीच्या खांबावर स्टार्टरची पेटी, झाकण उघडं. एक फेज गेला की मोटर बंद पाडणारा प्रिव्हेंटर त्याने काढून तारा थेट जोडल्या होत्या, बाजूला दोन कंडेन्सर काळ्या टेपने बांधलेले. मी बघतच राहिलो. फळ्यावर जे करू नका म्हणून सांगत होतो, ते सगळं त्या पेटीत होतं.

"तुमचं बरोबर हाय, सर," तो म्हणाला. "एक फेज गेला का मोटर जळते, मले मालूम हाय. दोनदा जाळली. पण मोटर बंद पडली तं रात्री एवढ्या दूर पायी या लागते, डुकरायचं भेव. अन् पाणी थांबलं तं घाटे भरत नाही."

दोनदा वाइंडिंगचे पैसे मोजले होते, तिसऱ्यांदा आपल्याच हाताने भरता यावं म्हणून तो वर्गाला येत होता. हे त्याने सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. मी माफी मागितली. तो "जाऊ द्या सर" म्हणाला, मला चहा पाजला आणि परत कधी आला नाही.

त्यानंतर पहिल्या दिवशी मी पुस्तक उघडत नाही. मोटर किती एचपीची, किती वेळा जळली, या आठवड्यात लाइन कधी, एवढंच विचारतो. मग जळका स्टेटर, म्हणजे मोटरीचा तार भरलेला न फिरणारा भाग, टेबलावर ठेवतो आणि सगळ्यांना भोवती उभं करतो. तारेच्या तीन गटांपैकी दोन कोळशासारखे काळे, तिसऱ्याची तार अजून तांब्यासारखी चमकते. जळक्या व्हार्निशचा वास बोटांना लागतो. "सांगा, ही कशाने गेली?" हे गट जोडायच्या दोन पद्धती, स्टार आणि डेल्टा. स्टार जोडणीत एक फेज गेला की दोन गट जळतात, डेल्टात एकच जळतो. जळालेल्या गटांवरून कारण ओळखायचं. त्या अर्ध्या तासात कुणी मोबाईल काढत नाही.

कंडेन्सरचा जुगाडही आता फळ्यावर काढतो. तो तिसऱ्या फेजची जागा कशीबशी भरतो, पण करंट सारखा वाटला जात नाही आणि एखादं वाइंडिंग जास्त तापतं. करू नका हे आजही सांगतो, पण का करता हे माहीत असल्यासारखं सांगतो. फक्त ऑटो स्विचच्या धड्याला कुणालाही झोपू देत नाही. लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते आणि तेव्हा पेटीत कुणाचा तरी हात असतो. त्या दिवशी जागलीवरून आलेल्यालाही हलवून उठवतो.

रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात वर्ग 10 ऐवजी 12 ला सुरू करतो. झोप अनावर झालेल्याला 20 मिनिटं झोपू देतो. यावर तपासणीत शेरा पडला आहे. 2016 चा मी असतो तर मीही तोच शेरा लिहिला असता: ही माणसं कामाला लागणार आहेत, कारखान्यात कुणी झोपू देणार नाही. तेही खोटं नाही. चाकणला गेलेल्या माझ्या एका पोराने फोनवर सांगितलं, "सर, इथं डुलकी लागली तं पगार कापतेत." त्याला काय सांगावं, मला सुचलं नाही.

सौरपंपाने हा प्रश्न सुटेल असं मला वाटलं होतं. 2019 ला कुसुम योजना आली, काहींच्या वावरात पॅनेल लागले. ती माणसं आता दिवसा ओलीत करतात, त्यामुळे रात्री झोपतात आणि दिवसा वर्गाला येत नाहीत. शिवाय सगळं करूनही ज्यांना ऐकायचंच नसतं, असे दोघे-तिघे प्रत्येक बॅचला असतातच. गेल्या वेळी एक 22 वर्षांचा पोरगा तीन महिने कानात हेडफोन घालून बसला. त्याच्या घरी जाऊन आलो, तरी उलगडा झाला नाही.

या बॅचला त्या काकांच्या गावचा एक जण आहे. परवा त्याला विचारलं, ते कसे आहेत.

"थे? थे तं पुण्याले गेले, सर. वावर ठोक्यानं देलं. सोसायटीत वॉचमन हायेत."

"दिवसपाळी?"

"नाही. रातची."