नुसतं जाऊन येऊ

भर दुपारी तळमजल्यावरचे काका गाडीचं कव्हर काढत होते. त्या वेळेला आमच्याकडं कुत्रंसुद्धा जागचं हलत नाही, म्हणून मी दोरीवरचे कपडे काढता काढता थांबलो. काकांनी कव्हरची नीट घडी केली, आत बसले, काच वर केली, गाडी सुरू केली. आता निघणार म्हणून मी बघतोय, तर गाडी जागेवरच. दहाएक मिनिटं इंजिन नुसतं घुरघुरत राहिलं. मग बंद केलं, उतरले, कव्हर परत चढवलं आणि त्याचं इलॅस्टिक चारी बाजूंनी खाली ओढून बघितलं.

"काका, काय झालं?"

"काय नाही. उभी राहून बॅटरी उतरती ना."

"मग एक राऊंड मारून यायचा की."

"कुठं?"

जागेवर दहा मिनिटं चालू ठेवून बॅटरी फारशी भरत नाही, गाडी पळवावी लागते, असं सांगणार होतो. पण काका वीज खात्यातून रिटायर झालेले. त्यांना बॅटरीतलं मी काय सांगणार? आणि 'कुठं'ला तर मला उत्तरच सुचलं नाही.

खरं म्हणजे साताऱ्यात हा प्रश्न पडायला नको. बोगद्यापाशी आलं की एक रस्ता यवतेश्वरच्या घाटाला लागतो, दुसरा सज्जनगड, ठोसेघर करत पार चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांपर्यंत. अगदीच कंटाळा असेल तर अजिंक्यताऱ्यावर गाडी वरपर्यंत जाते. पुण्याच्या माणसाला हे सुख मिळवायला आधी दीड तास पुण्यातून बाहेर पडावं लागतं. तरीही आपल्यातला कुणी उठून, "मी नुसता गाडी चालवायला चाललोय," असं म्हणत नाही. म्हटलं तर घरचे कपाळाला हात लावून ताप बघतील. कारण लागतं. हवा भरायला चाललोय. पाहुण्यांसाठी कंदी पेढे आणतो. शनिवार असला तर मारुती आहेच. माझ्या ओळखीचा एक जण पेट्रोल भरायला म्हणून थेट लिंब फाट्यापुढं जातो, आणि तिथलं पेट्रोल जास्त मायलेज देतं असं शपथेवर सांगतो.

आमच्या अण्णांचं कारण प्लगचं होतं. घरी प्रिया होती, फिकट निळी. प्रिया म्हणजे इथलीच. 1975 साली निघालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्याच्या कारखान्यात ती बनायची, त्यामुळं गावात तिला माहेरवाशिणीचा मान होता. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल घालायचं, आणि गावातल्या गावात हळू चालवली की प्लगवर काजळी धरायची. पावसाळ्यात ऐन ऑफिसच्या वेळेला स्कूटर एका अंगावर कलती करून, मग किकवर किक मारत बसलेले बाप तेव्हा गल्लोगल्ली दिसायचे. त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा तिला घाटात चढवायची, म्हणजे कार्बन जळून जातो. हे अण्णांना मेकॅनिकनं सांगितलं होतं, की त्यांनी मेकॅनिकला, ते कळायला मार्ग नाही. पण रविवारी चार वाजले की चहाचा कप खाली ठेवता ठेवता ते म्हणायचे, "प्लग साफ करून आणू."

प्लग साफ करायला चार माणसं लागत. पुढं मी उभा, हँडलच्या मध्ये हात ठेवून. मग अण्णा. मागं आई, एका अंगाला बसलेली, मांडीत धाकटी, एक हात मागच्या स्टेपनीला, दुसऱ्या हातात पदर आणि धाकटीचा फ्रॉक एकत्र धरलेला. यवतेश्वरच्या चढाला प्रिया दुसऱ्या गिअरमध्ये कण्हायला लागायची. मग अण्णा पुढं झुकायचे, की त्यांची हनुवटी माझ्या टाळूला टोचायची. आपण झुकलो की स्कूटरला चढ हलका जातो अशी त्यांची समजूत असावी. मीही झुकायचो. वरच्या वळणावर थांबून आम्ही काय करायचो? काही नाही. खाली सातारा बघायचा, आपलं घर कुठं असेल यावर वाद घालायचा, आणि परत.

पण खरा रविवार उतारावर सुरू व्हायचा. घाटाचं तोंड लागलं की अण्णा इंजिन बंद करायचे. पेट्रोल वाचतं, हे सांगायचं कारण. इतका वेळ फडफडणारी स्कूटर एकदम गप्प व्हायची आणि कितीतरी आवाज नव्यानं ऐकू यायचे: टायरचा, खडीचा, स्टेपनीच्या कव्हरचा, आईच्या बांगड्यांचा. एखादा सायकलवाला चढ चढत असला तर त्याचा श्वाससुद्धा. प्रियाचा दिवा इंजिनावरच चालायचा, बॅटरीबिटरी नाही, त्यामुळं इंजिन बंद म्हणजे दिवाही बंद. अंधारून यायला लागलं की अण्णा नाइलाजानं चालत्या गाडीतच गिअर टाकून क्लच सोडायचे. एक हिसका, फटफट, आणि पुढं पिवळा उजेड; रेस वाढवली की वाढणारा, कमी केली की विझू विझू होणारा. मला त्याचा राग यायचा. अजून दोन वळणं तरी गप्प जाऊ द्यायला हवं होतं.

आता असलं काही करू नये. इंजिन बंद केलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दगड होतो. शिवाय आताच्या गाड्या गिअरमध्येच उतरवून पाय वर घेतला की पेट्रोल आपणहून तोडतात, न्यूट्रलला उलट जास्त जातं. अण्णांच्या कारणातलं कारणच काढून घेतलंय कंपन्यांनी.

लोक अजून जातात का नुसते? संध्याकाळी यवतेश्वरला जाऊन बघा, मोटारसायकलींची रांग असते. पण पोरांचा जीव थांबण्यात. कणीस, मॅगी, फोटो, परत. गाडीवाल्यांचा जीव जेवणात. "चिकन थाळीला जाऊ" म्हणतात, घाटाला जाऊ म्हणत नाहीत. कास पश्चिम घाटाबरोबर 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, चांगलंच झालं. पण फुलांच्या दिवसांत तिथं जायचं तर आधी ऑनलाइन बुकिंग करा, आणि शनिवार-रविवार असेल तर पुढच्या गाडीची नंबरप्लेट पाठ करत घाट चढा. पेट्रोल लिटरला 100 रुपयांच्या वर गेल्यावर माणूस हिशेब मागणारच, तेही कळतं. फोनसुद्धा आधी कुठं जायचं ते विचारतो, मग रस्ता दाखवतो. सगळ्यांनाच 'कुठं' हवंय.

मी जातो. माझी एकच खोड आहे, गेल्या वाटेनं परत यायचं नाही. त्यामुळं मेढ्यावरून केळघरचा घाट चढून महाबळेश्वर, तिथं न थांबता पाचगणी, पसरणीचा घाट उतरून वाई, असा मोठा वळसा होतो. महाबळेश्वरला जाऊन पाय खाली टेकला नाही म्हणून घरात माझी चेष्टा होते. स्ट्रॉबेरी घ्यायला तरी थांबायचं होतंत, वगैरे. पुढं वाईहून साताऱ्याला पाचवडवरून यायचं हे पोरालाही कळतं. मी उलटा सुरूरकडं जातो. कारण त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जुने वड आहेत, आणि ऊन कलतं असलं की काचेवर सावली-उजेड, सावली-उजेड असं भराभर सरकत राहतं. चार-पाच मिनिटांचा खेळ, मग हायवे लागतो आणि माणूस ट्रकांच्या मागं लागतो. एवढ्यासाठी वाढीव पेट्रोल जाळायचं. बायको म्हणते, "वटपौर्णिमा मी करते आणि वडाला फेऱ्या तुम्ही घालता." तीही येते, पण पिशवी घेऊन. वाटेत ताजी भाजी मिळाली तर असू दे म्हणे. पिशवी रिकामी परत आली की वाईट वाटतं ते मलाच.

तर कपडे घेऊन आत आलो आणि काकांची गंमत घरात सांगितली. अण्णा दिवाणावर पेपर वाचत होते. बॅटरीचं त्यांना पटलं. आई शेंगा सोलत होती. बोलता बोलता प्रिया निघालीच, आणि मी ते उतारावरचं सांगायला लागलो: इंजिन बंद, सगळं कसं गप्प, तुझ्या बांगड्या ऐकू यायच्या, आठवतं का?

"मला काय आठवणार," आई म्हणाली. "मी डोळे गच्च मिटून बसायचे."

"म्हणजे?"

"भीती वाटायची. मांडीत पोर, हातात ती स्टेपनी. वळण आलं की वाटायचं आता गेलो. घरी येईपर्यंत हाताला मुंग्या आलेल्या असायच्या."

अण्णांनी पेपर खाली केला. इतकी वर्षं कार्बन जाळला त्यांनी, आणि हे आज कळतंय. "मग सांगायचं नाही का तेव्हा?"

"सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी मला घरी ठेवून गेला असता," आई म्हणाली. आणि सोललेले दाणे ताटलीत एका बाजूला सारत, रात्रीला पिठलं चालेल की आमटी टाकू, ते विचारायला लागली.