काकाजींचा फोन: किती साल म्हनते डॉक्टर?

तान्हा पोळा, रात्री

बाबांना मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, पाहायची होती. नागपूरच्या महाल भागातल्या त्या गर्दीत नेणं शक्यच नव्हतं, मोबाईलवर दाखवली. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ सुरू झालं तसे म्हणाले, "माही नळी त डॉक्टरनं आधीच नेली ना बे!" खोटं नाही. अन्ननलिकेचा कॅन्सर, म्हणून ती जवळजवळ सगळी काढली, जठराची नळी करून वर गळ्यापर्यंत ओढून जोडली. आता वाटीभर पेज प्यायली की पोट भरतं.

संध्याकाळी काकाजींचा फोन. "किती साल म्हनते डॉक्टर?" सगळे हेच विचारतात. डॉक्टरांनी वर्षं सांगितलीच नाहीत. बायोप्सीच्या रिपोर्टवर बोट ठेवून दोनच ओळी दाखवल्या: काढलेल्या २३ लसिका गाठींपैकी (लिम्फ नोड) एकीतही कॅन्सर नाही, आणि कापलेल्या कडा मोकळ्या, म्हणजे तिथेही कॅन्सर नाही. गाठींत किती पसरलाय, यावर पुढचं फार अवलंबून असतं म्हणे. पण मुळात गाठी पुरेशा काढून तपासलेल्या हव्यात. चारच पाहिल्या आणि ‘काही नाही’ म्हटलं, तर त्याला काय अर्थ?

नेदरलँड्समधल्या ‘क्रॉस’ अभ्यासाबद्दल वाचलं. आधी केमो आणि शेक (रेडिएशन), मग ऑपरेशन, असं ज्यांचं झालं त्यांच्यातले ३८ टक्के दहा वर्षांनी हयात होते. नुसतं ऑपरेशन झालेल्यांत २५. बाबांचंही केमो-शेक आधीच झालं, म्हणून ३८ वर जीव अडकला. पण त्यातले तीन चतुर्थांश रुग्ण अ‍ॅडिनोकार्सिनोमाचे. तो ग्रंथींच्या पेशींतला कॅन्सर. बाबांचा स्क्वॅमस, चपट्या पेशींतला, आपल्याकडे खर्रा-बिडीवाल्यांत दिसतो तो. त्या अभ्यासात केमो-शेकला स्क्वॅमसनंच जास्त दाद दिली होती: जवळपास निम्म्या जणांच्या काढलेल्या नळीत कॅन्सर उरलाच नव्हता. बाबांच्या नळीत थोडा उरला होता. म्हणजे ३८ धरायचे की जास्त की कमी? आणि त्या शेकड्यात बाबा कुठे बसतात, ते कोण सांगणार!

शिवाय हा आकडा उपचार सुरू होतानाचा. हा आजार उलटतो तो बहुतेक पहिल्या दोन वर्षांत. तेवढी निभावली की हिशेब नव्यानं मांडायचा, आणि तो आधीपेक्षा बरा निघतो. काकाजींना एवढंच सांगितलं, दोन वर्षांनी विचारा. त्यांना राग आला बहुतेक.

सोमवारी ओपीडी. विचारायचं: वजन अजून का उतरतंय, रात्री आडवं झालं की तोंडात आंबट पाणी का येतं, पोटातली दुधाची नळी कधी काढणार. आणि पोहे चालतील का. तर्रीचं बाबांनी स्वतःच विचारावं, मी नाही विचारणार.