बादली कोणाच्या हातात?

ओला-सुका कचरा वेगळा करा, असं लोकांना सांगायचं आमचं काम. त्यासाठीच्या पाहणीच्या फॉर्ममधला पहिला प्रश्न होता, "कचरा वेगळा करता का?" तीन संध्याकाळी आम्ही पुण्यात कोथरूडच्या एका सोसायटीत घरोघरी फिरलो आणि जवळजवळ सगळ्यांनी हो म्हटलं. ओला कोणता, सुका कोणता, सगळं तोंडपाठ. तरी रोज सकाळी खाली जे यायचं त्यात चहाचा चोथा आणि वर्तमानपत्र एकत्रच. लोक खोटं बोलत होते, असं मला आजही वाटत नाही.

चौथ्या दिवशी फॉर्म घरी ठेवला आणि पावणेसातला कचरावेचक मावशींबरोबर जिना चढायला लागले. मावशी 'स्वच्छ'च्या सभासद. कचरावेचकांची ही सहकारी संस्था २००८ पासून पुण्यात दारोदार कचरा गोळा करते.

दारं उघडायला लागली तशी मी चेहरे बघत गेले. कुठे शाळेच्या गणवेशातला मुलगा, कुठे आजोबा, आणि बऱ्याच घरी भांडी घासायला आलेली बाई. संध्याकाळी ज्यांनी उत्तरं दिली होती, त्यांच्यातलं क्वचितच कुणी बादली घेऊन बाहेर आलं.

तिसऱ्या मजल्यावर कामवाल्या ताईंनी एकच पिशवी पुढे केली. मी विचारलं, तर त्या ओशाळल्या. "मला कुणी सांगितलंच नाही हो. ओट्यावरचं गोळा करते, बांधते. अजून चार घरं आहेत मला." त्यांनी मला स्वयंपाकघर दाखवलं. ओल्याचा डबा सिंकखाली, हाताशी. सुक्याचा गॅलरीत, आणि गॅलरीचं दार बाळ झोपलेल्या खोलीतून. दुधाची पिशवी घेऊन तिथवर कोण जाणार? घरात दोन डबे होते, म्हणजे आमच्या फॉर्मवर हे घर 'वेगळा करतात' याच रकान्यात गेलं होतं.

खाली पार्किंगमध्ये मावशी वर्गीकरणाला बसल्या. काळी पिशवी, गच्च गाठ. सोडली तर भाताच्या खरकट्यात उघडंच सॅनिटरी पॅड. मावशींनी पुठ्ठ्याच्या तुकड्यानं ते बाजूला सारलं, हात बागेच्या नळाखाली धुतला आणि पुन्हा त्याच पिशवीत घातला. पॅड वेगळं गुंडाळून द्यावं, असं २०१६च्या घनकचरा नियमांतच स्पष्ट लिहिलं होतं. त्याच पिशवीतून पुठ्ठाही निघाला, रश्श्यानं भिजलेला. "हा आता भंगारवाला घेणार नाही," मावशी म्हणाल्या. सुक्यातलं विकून येणारे पैसे त्यांचे असतात. माझ्या डोक्यात तोवर कचरा म्हणजे उरुळी देवाची, फुरसुंगी, तिथल्या गावांनी वर्षानुवर्षे सोसलेला पुण्याचा कचरा डेपो. मावशींची रोजची कमाई त्या भिजलेल्या पुठ्ठ्यावर ठरते, हे मी इतक्या जवळून पाहिलंच नव्हतं.

छापायला निघालेलं पत्रक मी थांबवलं. ते घरमालकिणीला उद्देशून होतं, पर्यावरणाबद्दल, गोड भाषेत. त्याऐवजी अकराच्या सुमाराला, कामवाल्या ताया जिन्याखाली डबा खायला बसतात तेव्हा जाऊन बसायला लागलो. मावशींनाही बोलावलं. त्यांनी आपला तळहात पुढे धरला आणि काचेनं चिरलेल्या खुणा दाखवल्या. आम्ही दोन वर्षं जे सांगत होतो ते त्या एका तळहातानं पोचलं. पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पद्धत पुण्यात आधीपासून आहे, तीही मावशींनीच समजावली. सुक्याचा डबा ओट्याजवळ हलवायचं मात्र घरमालकिणीशी बोलायला लागेल, असं तायांचं म्हणणं पडलं. "आम्ही सांगितलं तर उलट बोलल्यासारखं होतं. तुम्ही सांगा." ते काम आमच्याकडे आलं. काही घरांनी लगेच ऐकलं, काही अजून ऐकत नाहीत.

उठताना तिसऱ्या मजल्यावरच्या ताई माझ्याजवळ आल्या. "ताई, इथलं झालं की आमच्या वस्तीत या. दहा बाय दहाच्या खोलीत दोन डबे कुठे ठेवायचे, ते तिथे बघून सांगा."

पुढच्या सोमवारी गेले. फॉर्म नव्हता जवळ.