ऊन चांगलं होतं

मास्तरच्या फोटोओळी तपासून झाल्यात. आज पाठवायच्या होत्या, पाठवल्या नाहीत. कारण कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहितेय.

आमच्या टोळीच्या जुन्या फोटोंच्या प्रदर्शनाचं त्यानं फारच मनावर घेतलंय. २०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं, तेव्हा निगेटिव्ह सगळ्या गेल्या. माळ्यावरचे प्रिंट तेवढे वाचले. आता त्या प्रिंटखालच्या कोऱ्या पट्टीत तो शाईच्या पेनानं लिहिणार आहे. हे खूळ गिन्सबर्गचं. ॲलन गिन्सबर्ग या अमेरिकन कवीनं १९५३ साली १३ डॉलरला जुना कोडॅक रेटिना कॅमेरा घेतला, केरुअॅक, बरोज अशा लेखक दोस्तांचे फोटो काढले, आणि पुढं तो नाद सुटला. तीसेक वर्षांनी निगेटिव्ह पुन्हा हाती लागल्यावर त्यानं मोठे प्रिंट करवून घेतले आणि प्रत्येकाखाली हातानं लिहीत बसला. कोण, कुठं, तेव्हा काय चाललं होतं. लोखंडी जिन्यावर सिगरेट ओढणाऱ्या केरुअॅकच्या खिशात रेल्वेच्या ब्रेकमनचं पुस्तक आहे, हेसुद्धा. मास्तरला हे सगळं तोंडपाठ. १९६२ ला गिन्सबर्ग मुंबईत आला, अशोक शहाणे, अरुण कोलटकर या आपल्या लेखक-कवींना भेटला, हे तर मास्तर असं सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, सांगलीची गाडी चुकली म्हणूनच तो इकडं आला नाही.

तर ओळी. चित्रकाराखाली सहा ओळी आहेत, चांगल्या आहेत. आपले दिग्दर्शक भावे नाट्यमंदिराच्या पायरीवर, 'प्रयोग पडल्यावर, तरी हसताना'. नानाखाली, 'आमच्यात सगळ्यात चांगलं हा लिहायचा.' वहिनींच्या हातच्या भडंगावरसुद्धा एक ओळ आहे.

आणि माझ्याखाली: 'आयर्विन पुलावर. रविवार. ऊन चांगलं होतं.'

बस.

मी दोनदा पान उलटून बघितलं, मागं काही राहिलंय का.

आम्ही काढायचो त्या अंकाच्या सगळ्या स्टेन्सिल कुणी कापल्या? गेस्टेटनरची, त्या छपाईच्या यंत्राची शाई कुणाच्या ओढणीला लागायची? माझ्या तीन कथा त्याच अंकांत आहेत, हे सोडूनच देते, त्या त्यालाही आवडल्या नव्हत्या. पण ऊन? मास्तरच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या रोलमध्ये बारा फोटो. तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच खिशात रोलचे पैसे नसायचे. बारातला एक माझ्यावर खर्च केला म्हणजे काहीतरी दिसलं असणार, असं दुपारी वाटलं. संध्याकाळी वाटलं, रोल संपवायला काढला असेल. धुवायला टाकायचा तर शेवटचे एकदोन कुणावर तरी संपवावेच लागतात.

रात्री एलिस कोवेन आठवली. गिन्सबर्गच्या आईवरच्या त्या दीर्घ कवितेचं, 'कॅडिश'चं, टायपिंग तिनं केलं होतं. स्वतः कविता लिहायची. तो मुंबईत उतरला त्याच वर्षी ती न्यूयॉर्कमध्ये गेली, आपल्या हातानं. मागं राहिलेले तिचे बहुतेक कागद नष्ट करण्यात आले, एक वही कशीबशी उरली. हे आठवून मला स्वतःची इतकी दया आली की उठून चहा केला. चहा पिताना लाज वाटली. ती कुठं, मी कुठं. माझ्या वह्या आहेत सगळ्या. कपाटात, वरच्या कप्प्यात, पुराचं पाणी पोचणार नाही अशा जागी. त्यांना कुणी हात लावलेला नाही, मीसुद्धा.

ते जाऊ दे.

मग गिन्सबर्गनं काढलेला केरुअॅकचा शेवटचा फोटो काढून बघितला. १९६४ चा. खुर्चीत कोसळल्यासारखा बसलाय, चेहरा सुजलेला. वय बेचाळीस. पुढं पाचच वर्षं जगला. त्याखाली मित्रानं काय लिहावं? की हा आता त्याच्या गेलेल्या बापासारखा दिसत होता. प्रेमानंच लिहिलंय, खरंही असणार. पण ते कायमचं झालं. आता तो फोटो ती ओळ वाचल्याशिवाय बघताच येत नाही.

इथं मला पहिल्यांदा हसू आलं. नाना प्रदर्शनाला येणार आहे, बायको आणि सुनेला घेऊन. विम्याचे हप्ते गोळा करण्यात त्याची तीस वर्षं गेली. भिंतीसमोर उभा राहून 'सगळ्यात चांगलं हा लिहायचा' वाचणार. त्याच्यापेक्षा माझं ऊन परवडलं. उन्हाला कोण विचारणार, पुढं काय झालं म्हणून?

परवडलं म्हणते, तरी अजून पाठवलेलं नाहीच.

गिन्सबर्ग म्हणे एकाच फोटोच्या वेगवेगळ्या प्रिंटवर वेगवेगळं लिहायचा. म्हणजे पुढच्या प्रिंटवर माझ्याबद्दल काही येऊ शकतं. पण आपल्या मास्तरकडं निगेटिव्ह नाही आणि पेन्शन तेवढी नाही.

बाकी सगळ्यांच्या मिळून ढीगभर वेलांट्या दुरुस्त केल्या. 'दिग्दर्शक' त्याला आजही लिहिता येत नाही. माझ्या ओळीत एकही चूक नाही, हात लावायला जागाच ठेवली नाही पठ्ठ्यानं. फक्त एक सापडलं. सगळ्यांखाली साल आहे, माझ्याखाली नाही. समासात लाल शाईनं लिहिलंय, 'साल?' ते त्याला आठवणार नाही, फोन करेल. मला साल माहीत आहे, वारही रविवार नव्हता. विचारलंन तर सांगेन म्हणते, पण आधी थोडा वेळ शोधू दे त्याला.