राजगड ते तोरणा: धार, धुकं आणि उंचीचा आकडा

राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यात पोचलो तेव्हा अजून उजाडायचं होतं. चहाची टपरी उघडली नव्हती. चौघांनी डोक्याला बॅटऱ्या बांधल्या, पाण्याच्या बाटल्या पुन्हा एकदा मोजल्या. इतरांची बुटांच्या नाड्या आवळण्याची गडबड चालली होती तेवढ्यात मी घड्याळात गावाची उंची हाताने भरली. सह्याद्रीत निघताना हे काम मी कधी चुकवत नाही. का, ते पुढे सांगतो.

घड्याळ गार्मिनचं इन्स्टिंक्ट २ सोलर. २०२२ साली बाजारात आलेलं हे मॉडेल दिसायला अगदी साधं: काळापांढरा पडदा, उजव्या कोपऱ्यात एक छोटी गोल खिडकी, कडेला पाच बटणं. टचस्क्रीन नाही, आणि ते मला फार आवडतं. पावसात ओल्या बोटांनी किंवा हातमोजे घालूनही बटण दाबता येतं. पडदा असा आहे की ऊन जितकं कडक तितके आकडे ठळक. वजन पन्नासेक ग्रॅम, त्यामुळे कातळ चढताना हाताला त्याची आठवणही राहत नाही. कातळावर घासून त्याच्या कडेला चरे पडलेत, काच मात्र शाबूत आहे.

चोर दरवाजाच्या वाटेने पद्मावती माचीवर आलो तेव्हा पूर्वेला तांबडं फुटत होतं. या वाटेवर शेवटच्या टप्प्यात रेलिंगला धरून चढावं लागतं, तिथे घड्याळ बघायला सवड नसते आणि बघूही नये. देवीचं दर्शन घेतलं, तळ्याकाठी पोह्यांचा डबा उघडला. बालेकिल्ला आज नाही, असं आधीच ठरलं होतं. पल्ला लांबचा होता. संजीवनी माचीची ती दुहेरी, चिलखती तटबंदी मात्र घाईने ओलांडणं जमत नाही. आतला तट आणि बाहेरचा तट यांच्यामधल्या चिंचोळ्या बोळात उभं राहिलं की हे बांधणाऱ्यांनी डोंगराची सोंड किती बारकाईने वाचली होती ते कळतं. माची धारेला धरून टप्प्याटप्प्याने खाली उतरते, तटही तिच्यासोबत वळत जातो.

अळू दरवाजातून बाहेर पडलो आणि खरी वाट सुरू झाली. समोर पश्चिमेला तोरण्याचा प्रचंड देह, आणि मधे नागमोडी धार. सप्टेंबर सरत आलेला, गवत कमरेएवढं, सोनकीने उतार पिवळे झालेले. पहिला उतार घसाऱ्याचा आहे, ओल्या मुरमावर पाय सरकतो, म्हणून आम्ही एकेक करत उतरलो.

भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता धारेला जिथे छेदतो तिथे थोडा विसावा घेतला आणि पलीकडे चढलो. तोवर खालच्या खोऱ्यातून धुकं वर यायला लागलं होतं. पाव तासात वीस पावलांपलीकडचं दिसेना. तोरणा गेला, राजगड गेला, उरलं फक्त गवत आणि त्यातून फुटणाऱ्या वाटा. या धारेवर माणसांच्या वाटा कमी आणि ढोरवाटा जास्त. पावसाळ्यानंतर तर दोन्ही सारख्याच मळलेल्या दिसतात.

एका टेकाडापाशी वाटेला दोन फाटे फुटले. एक टेकाडाच्या कुशीतून आडवा जाणारा, दुसरा उजवीकडे अलगद उतरणारा. उतरणारा जास्त रुंद, जास्त ठसठशीत. घड्याळात आधीच्या एका ट्रेकरचा ट्रॅक, म्हणजे तो चालला त्या वाटेची जीपीएस नोंद, भरलेला होता. पडद्यावरची बारीक रेघ म्हणत होती की आम्ही बरोबर वाटेवर आहोत. पण दोन्ही फाटे एकमेकांपासून जेमतेम वीस-पंचवीस मीटरवर होते. एवढ्या फरकावर त्या रेघेचा भरवसा धरता येत नाही.

इथे सह्याद्रीची घडण समजून घ्यायला हवी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, भाकरींच्या चळतीसारखे. त्यामुळे आपले डोंगर कातळकडा, मग सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी असे टप्प्याटप्प्याने उभे आहेत. या मधल्या सपाट्यांना आपण पदर म्हणतो. नकाशावर दोन पदर एकाच जागी असल्यासारखे दिसतात, प्रत्यक्षात मधे सरळसोट कडा असतो. खालच्या पदरावर उतरलात की तासभर निवांत चालता येतं, वाट सुंदर असते, आणि शेवटी डोक्यावर कडा आणि पायाखाली घळ अशा जागी ती संपते. म्हणूनच इथे ‘मी कुठे आहे’ या प्रश्नाइतकाच ‘मी कोणत्या उंचीवर आहे’ हा प्रश्न मोलाचा. तो मला नेहमी जास्तच मोलाचा वाटत आलाय.

आणि त्याचं चांगलं उत्तर उपग्रह देत नाहीत. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून फिरतात. चार उपग्रहांचे संदेश मिळाले की घड्याळ आपली जागा काढतं. पण सगळे उपग्रह आपल्या वरच्याच बाजूला, खालून एकही नाही, कारण मधे पृथ्वी आहे. त्यामुळे आडव्या जागेपेक्षा उंचीतली चूक नेहमी मोठी येते. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या अरुंद ठिकाणी तर संदेश दोन्हीकडच्या कड्यांवर आपटून येतात आणि नोंदलेली रेघ वेडीवाकडी नाचते. मजबूत ट्रेकिंग घड्याळात यासाठी वायुदाबमापक असतो. वर चढलं की हवेचा दाब घटतो: समुद्रसपाटीजवळ दर आठेक मीटरला एक हेक्टोपास्कल (हे दाबाचं एकक), हजार मीटरवर दर नऊएक मीटरला. दोन-चार मीटरचा चढउतारही तो अचूक टिपतो.

निघायच्या आदल्या रात्री मी गुगल अर्थवरून धारेवरच्या खिंडी, टेकाडं आणि पदर यांच्या उंच्या एका कागदावर उतरवून घेतल्या होत्या. तो कागद आता प्लास्टिकच्या पिशवीतून काढला. आमच्यातला एक जण आवाजाच्या टप्प्यात राहून उतरणाऱ्या फाट्यावर थोडा पुढे गेला, मी त्याच्या मागोमाग. आकडा खाली खाली जात राहिला. कागदावर पुढची खिंड जवळपास आहे त्याच उंचीला होती, आणि आम्ही साठेक मीटर खाली निघालो होतो. परत फिरलो आणि आडवा फाटा धरला.

थोड्या वेळाने गळ्यातल्या घंटांचा आवाज आला आणि धुक्यातून म्हशी उगवल्या. मागे डोक्यावर इरलं घेतलेले एक मामा.

“मामा, तोरण्याला हीच वाट ना?”

“हीच की. ती खालची दिसली का? ती ढोरांची हाय, पान्यावर जाती. तिकडं गेला आसता तर वर याया जागाच न्हाय.”

त्यांनी घड्याळाकडे बोट करून विचारलं, यात काय दिसतं. मी उंचीचा आकडा दाखवला. ते म्हणाले, “आन पाऊस कळतो का ह्यात?” तर तोही थोडाफार कळतो. दाब झपाट्याने उतरायला लागला तर घड्याळ वादळाचा इशारा देतं. मामांनी आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले दुपारपर्यंत काही नाही, चला बिगीबिगी. तसंच झालं. बाराच्या सुमारास धुकं फाटलं आणि तोरण्याचा बुधला सुळका समोर उभा ठाकला, अंगावर येईल असा.

बुधला माचीकडे जाणारा चढ या वाटेवरचा सगळ्यात दमवणारा. इथे मी नाडीचे ठोके दाखवणारा पडदा लावतो. मागच्या बाजूचे हिरवे दिवे त्वचेखालच्या रक्ताच्या हालचालीवरून ठोके मोजतात, त्यामुळे पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर आणि घट्ट हवा. आकडा १६५ च्या वर जायला लागला की मी पावलं आखूड करतो, थांबत मात्र नाही. आतकरवाडीतून सिंहगड चढताना हीच सवय लावून घेतली आहे, आणि तिच्यामुळे शेवटच्या कातळटप्प्यावर आणि लोखंडी शिडीवर पाय थरथरत नाहीत. त्या जागी दमलेला माणूसच घसरतो.

माथ्यावर मेंगाई देवीच्या देवळापाशी बसलो तेव्हा दुपार कलायला आली होती. तोरणा १४०३ मीटर उंच, आणि घड्याळ आम्ही होतो त्याहून वीसेक मीटर वरचं दाखवत होतं. सकाळी गावातला आकडा हाताने भरायचं कारण हेच. आपल्या उष्ण प्रदेशात हवेचा दाब रोज भरती-ओहोटीसारखा हलतो: सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी, आणि फरक तीन-चार हेक्टोपास्कलपर्यंत. दाब उतरला की घड्याळाला वाटतं आपण चढलो. एका जागी बसूनही दुपारपर्यंत पंचवीस-तीस मीटर ‘चढता’ येतं. म्हणून ओळखीची खिंड, देऊळ, दरवाजा आला की तिथली उंची पुन्हा भरायची. पदर ओळखायला हा आकडा वापरायचा असेल तर यात आळस चालत नाही.

बिनी दरवाजातून वेल्ह्यात उतरेपर्यंत दिवस मावळतीला लागला होता. फोटो काढून दोघांचे फोन केव्हाच मिटले होते. घड्याळात निम्म्याहून जास्त चार्ज शिल्लक होता, दिवसभर जीपीएस चालू असूनही. माझा ट्रॅक मी मित्रांना पाठवला, सोबत त्या कागदाचा फोटोही, आणि दोन फाट्यांच्या टेकाडापुढे लिहिलं: उतरू नका, उंची धरून आडवे चला. पावसाळ्यानंतर लगेच या धारेवर जाणार असाल तर तुम्हीही आदल्या रात्री खिंडींचे आकडे काढून ठेवा, आणि ते फोनमध्ये नको, कागदावरच.